मी कॉलेज मागून बघितलं

"यात बिनसाखरेचा कुठला गं?" काकूंनी विचारलं.

माझ्या हातात ट्रे होता. अंगात लालसर जाकीट, पाठीवर केटररचं नाव. काकूंनी आधी ट्रेकडे बघितलं, मग कप उचलताना माझ्या तोंडाकडे. ओळख पटली तशा हसल्या. मनापासून हसल्या.

"अगं बाई, तू! इथं कुणाच्या ओळखीनं लागलीस? बरं झालं. पण दिवाळीपासून आमच्याकडे यायचंय हं, विसरू नकोस." मग शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "आमच्या गावातलीच आहे. आई असते हिची आमच्याकडे. फार विश्वासू माणसं."

शेजारच्या बाईंनी मान डोलावली आणि साखरेचा चहा घेतला. काकूंच्या पलीकडे त्यांची मुलगी बसली होती, सानिका. पहिलीपासून बारावीपर्यंत आम्ही एकाच वर्गात. तिने माझ्याकडे बघितलं आणि फोन काढला.

मी त्या कॉलेजात चहा द्यायला गेले नव्हते. सानिका ज्यासाठी आली होती त्यासाठीच मीही आले होते. कॉलेज बघायला. बारावीची परीक्षा झाली होती आणि कॉलेजने मुलांना, पालकांना बोलावलं होतं. या, बघा, विचारा. त्या बोलावण्यात मीही होते. तरी माझ्या हातात ट्रे होता, आणि तो कुणी जबरदस्तीने दिलेला नव्हता. हे कसं झालं ते सांगते. सांगताना अजून कान तापतात.

आमचं गाव अलिबागहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. रस्त्याला लागून वाड्या. नारळ, सुपारी, मध्ये घर. घराचं तोंड रस्त्याकडे, पाठ खाडीकडे. वाड्या संपल्या की पाणथळ, आणि पाणथळीच्या कडेला आमची बौद्धवाडी. त्यामुळे गाव आम्हाला कायम पाठीमागून दिसतं. विहिरी, गोठे, वाळत घातलेले कपडे, खरकटं टाकायची जागा. लहानपणी मला वाटायचं, घराची पुढची बाजू फक्त पाहुण्यांसाठी बांधतात.

आई काकूंकडे कामाला जाते. काकूंची वाडी गावात मोठी. आता तिथे कॉटेजं बांधली आहेत. मुंबईपुण्याचे लोक येतात, मोदक खातात, झोपाळ्यावर बसून फोटो काढतात. त्यांच्या चादरी आई धुते, खोल्या आई झाडते. सुट्टीत मीही जायची, नाश्त्याचे ट्रे पोचवायला. आम्ही जायचो ते वाडीच्या मागच्या बेड्यातून. बेडं म्हणजे कुंपणातलं बांबूचं फाटक. तिथून विहिरीवरून स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीशी. पुढून येऊ नका असं काकूंनी आम्हाला कधी म्हटलं नाही. म्हणायची वेळच आम्ही येऊ दिली नाही.

मुंबईच्या पाहुण्याला तिथे कुणी जात विचारत नाही. गाडी रस्त्यावर थांबते, काका पुढे होऊन बॅग घेतात. त्या पाहुण्यांत आमच्यातलेही कितीतरी येऊन जात असतील. पुढून येतात, झोपाळ्यावर बसतात, पुढून जातात. आम्ही पडलो गावातले. आमचं सगळं सगळ्यांना ठाऊक.

एकदाच मी पुढून गेले होते. दहावीच्या निकालाच्या दिवशी. शाळेत पहिली आले होते. आईने पेढ्यांचा पुडा आणला आणि म्हणाली, "काकूंना देऊन ये." मी इतकी खुशीत होते की पाय कुठून चाललेत ते बघितलं नाही. सरळ रस्त्याने जाऊन ओटीच्या पायरीवर उभी राहिले. काकू बाहेर आल्या. रागावल्या नाहीत. गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, मागून ये ना. इथं पाहुणे बसलेत."

मी मागून गेले. "हुशार आहेस हो," त्या म्हणाल्या, आणि पुडा मागच्या कट्ट्यावर ठेवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी आई तोच पुडा घरी घेऊन आली. दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. रात्रभर कट्ट्यावर राहिला होता, मुंग्या लागल्या होत्या. आईने मुंग्या झटकल्या, एक पेढा मला दिला, एक स्वतः घेतला. मी खाल्ला. चांगला गोड होता, आणि मला त्याचाच राग आला.

तर कॉलेजचं. बारावीच्या निरोपाच्या दिवशी आमच्या मॅडम म्हणाल्या, "पनवेलकडच्या कॉलेजचा खुला दिवस आहे, जाऊन या. पण नुसते फोटो काढून परत येऊ नका. तिथं शिकणाऱ्या मुलांशी बोला. लायब्ररी बघा, लॅब बघा, होस्टेल बघा. बाथरूम बघा, त्यावरून कॉलेज कळतं. आणि एक तरी प्रश्न विचारल्याशिवाय तिथून निघू नका." बाथरूमवर सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. मी ते सगळं पाठ करून टाकलं.

माझा प्रश्न ठरलेला होता. तो आईने ठरवला होता. आमच्या गावाहून तिथे रोज जाऊन येऊन शिकणं शक्य नाही. बाबा दिघीच्या बंदरावर कामाला, आठवड्यातून एकदा फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून घरी येतात. त्यांनी सगळं आईवर सोडलं. आई म्हणाली, "ऱ्हायाची सोय हाय का त्येवढं इचारून ये. सोय असंल तर जा. न्हायतर दिवाळीपास्नं काकूंकडं. मी शब्द दिलाय."

म्हणजे होस्टेल असेल तर कॉलेज. नसेल तर चादरी.

आई बरोबर येऊ शकत नव्हती. मे महिना, कॉटेजं भरलेली. सानिकाची गाडी त्याच दिवशी त्याच कॉलेजला जाणार होती हे आईला माहीत होतं. पण मी जाणार आहे हे तिने काकूंना सांगितलंच नव्हतं. शब्द देऊन बसली होती ना. मी पहाटेच्या एसटीने निघाले. पनवेलच्या स्टँडवर उतरले, दोघांना विचारलं, शेअर रिक्षात बसले. एवढ्या लांब एकटी मी पहिल्यांदाच जात होते. एसटीत खिडकीशी बसून मी माझा प्रश्न मनात म्हणत होते, वेगवेगळ्या आवाजात.

कॉलेजच्या फाटकावर फुग्यांची कमान होती. वॉचमन होता. त्याने मला अडवलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे. अडवलं असतं तर बरं झालं असतं, राग काढायला एक माणूस मिळाला असता. त्याने उलट हाताने जा जा अशी खूण केली. आत मोठी इमारत. काचेचं दार, आपोआप उघडणारं. दाराशी लाल जाजम, दोन मुली येणाऱ्यांना गुलाब देत होत्या. मुलं आईवडलांबरोबर आत जात होती. एकटं कुणीच नव्हतं.

मी गुलमोहराखाली थांबले. म्हटलं, गर्दी कमी झाली की जाऊ. गर्दी कमी झाली. मग म्हटलं, ही एक गाडी येऊन जाऊ दे. तीही गेली. आणि माझे पाय वळले. मी वळवले नाहीत, ते वळले. इमारतीच्या कडेने एक अरुंद वाट मागे जात होती. त्या वाटेला लागले आणि मला हायसं वाटलं. खरंच हायसं वाटलं. श्वास मोकळा झाला. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते, अपमानाची वाटते त्याहून जास्त.

मागे गॅसच्या टाक्या, भाजीचे क्रेट, ओल्या कचऱ्याचे डबे. दोन बायका कपबशा विसळत होत्या. मागचं दार सताड उघडं होतं. मला वाटलं, इथून शिरू आणि आतल्या आत सभागृहात जाऊन बसू. दारात एक माणूस फोनवर ओरडत होता. फोन कानाला तसाच ठेवून त्याने मला बघितलं.

"कितने बजे बुलाया था? टाइम काय झाला? चल, जाकीट घाल, पहिला राउंड निघाला."

"सॉरी," मी म्हटलं.

एवढंच. मी विद्यार्थिनी आहे, एवढं म्हणायचं होतं. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली मी. पण त्या आवाजाला आमच्या घरात एकच उत्तर देतात, आणि तेच माझ्या तोंडातून आलं. त्याने खोक्यातलं जाकीट फेकलं. मी झेललं. घातलं. मला ते अगदी मापात बसलं.

कपबशा विसळणाऱ्यांतली एक बाई उरणकडची होती, बोलण्यावरून कळत होतं. म्हणाली, "नवीन हायस काय गो? ट्रे डाव्या हातान धर, उजव्यान दे." मला ते येत होतं. चांगलं येत होतं.

सभागृहात थंडगार हवा होती आणि मऊ खुर्च्या. मी रांगेरांगेने फिरले. सगळ्यांचे हात दिसत होते. घड्याळं, अंगठ्या, फोन. तोंड वर करून कुणी बघत नव्हतं, आणि मीही बघत नव्हते. कॉलेजचाच एक मुलगा, गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड, मला म्हणाला, "मावशी, इथं पाणी." मी सतरा वर्षांची होते. तिथे शिकणाऱ्या मुलांशी बोला, असं मॅडम म्हणाल्या होत्या. माझं तेवढं बोलणं झालं. मंचावर एक सर भाषण करत होते. "हे कॉलेज आजपासून तुमचंच आहे असं समजा," ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांसाठी कप खाली ठेवले जात होते. मी ते गोळा करत होते.

आणि मग काकूंची रांग आली.

पुढचं वर सांगितलंच आहे. बिनसाखरेचा कप मी शोधून दिला. होता, कडेला होता. विश्वासू माणसं, हा शब्द ऐकला. दिवाळीपासून, हा शब्द ऐकला. रिकामा ट्रे घेऊन भिंतीशी जाऊन उभी राहिले. मला कळलं की दिवाळीची वाट बघायचं काही कारणच उरलं नव्हतं. मी आजच कामाला लागले होते. कुणी लावलं नव्हतं. पहाटेपासून प्रवास करून कॉलेज बघायला आले आणि स्वतःच्या पायांनी मागे जाऊन स्वतःच कामाला लागले. काकूंना वाईट म्हणायला तोंड कुठे होतं मला? त्यांनी जे बघितलं तेच त्या बोलल्या.

मंचावरचे सर म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" एका मुलाने नोकऱ्यांबद्दल विचारलं. एका वडलांनी जिमबद्दल विचारलं. पार्किंगबद्दलसुद्धा कुणीतरी विचारलं. होस्टेलबद्दल कुणी विचारेना. मी वाट बघत होते की कुणीतरी विचारेल, म्हणजे मला ऐकूनच घरी जाता येईल. नाही विचारलं. ज्यांना गाडी आहे त्यांना होस्टेलची काय पडली आहे?

मी हात वर केला. माइक फिरवणारा मुलगा माझ्या अंगावरून बघत पुढे गेला. मी हात तसाच ठेवला. तो परत आला, परत गेला. तेवढ्यात कुणीतरी जाता जाता माझ्या ट्रेमध्ये उष्टा कप ठेवला. मग दुसऱ्याने.

मग मी चालायला लागले. मधल्या वाटेने, सरळ पुढे. मंचाखाली एक टेबल होतं, त्यावर फुलांचा गुच्छ आणि पाण्याच्या बाटल्या. मी उष्ट्या कपांचा ट्रे त्या टेबलावर ठेवला. जाकीट काढलं. त्याची घडी घातली, कारण घडी न घालता कपडा ठेवायचा असतो हे मला कुणी शिकवलेलंच नाही. घडी ट्रेशेजारी ठेवली आणि मंचाकडे तोंड केलं.

"काय झालं?" सर म्हणाले. "काही अडचण असेल तर तुमच्या सुपरवायझरना सांगा."

माइक मला कुणी दिला नाही. मी तशीच बोलले. "बाहेरगावच्या मुलींना होस्टेलला जागा आहे का?"

दोनतीन ठिकाणी हसू फुटलं. सर समजुतीने म्हणाले, "स्टाफसाठी होस्टेल नसतं, बाळ."

"मी स्टाफ नाही. मी बारावी सायन्सची परीक्षा दिली आहे."

"मग हे?" त्यांनी ट्रेकडे बोट केलं.

"मी मागच्या दाराने आले. त्यांना वाटलं मी कामाला आले. मी नाही म्हटलं नाही."

कुणीतरी खरं खोटं करावं म्हणून सर इकडेतिकडे बघायला लागले. मी सानिकाकडे बघितलं. माझी आई तिला ताई म्हणते. मलाही आईने लहानपणापासून ताईच म्हणायला लावलं होतं, वर्गातसुद्धा. तिच्या जर्नलमधल्या निम्म्या आकृत्या माझ्या हातच्या आहेत.

"सानिका," मी म्हटलं, "आपण एका वर्गात आहोत ना? सांग त्यांना."

काकूंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. सानिकाने मान खाली घातली. माझ्या आयुष्यात मी तिला पहिल्यांदा नुसत्या नावाने हाक मारली होती, आणि ती ओ देत नव्हती. त्या भरल्या सभागृहात मला इतकं एकटं वाटलं की रडूसुद्धा येईना. पाय परत वळायला बघत होते. मला ते कळत होतं. डावीकडे दार होतं, दाराबाहेर ती वाट होती, वाटेवर हायसं वाटणार होतं. मी पाय घट्ट रोवले. ठरवलं, उत्तर मिळाल्याशिवाय इथून हलायचं नाही.

सर म्हणाले, "बसून घ्या." मी बसले नाही. बसायला खुर्चीही नव्हती. सुपरवायझर दारातून हातवारे करत होता. सरांनी घड्याळ बघितलं. मी उभीच. शेवटी ते समोरचे कागद चाळून म्हणाले, "मुलींच्या होस्टेलला जागा आहेत. गुणांवर मिळतात. पुढचा प्रश्न."

मी थँक यू म्हटलं नाही. मी विचारलं होतं, त्यांनी सांगितलं होतं. त्यात उपकार कसले?

जाकीट परत द्यायला मागे गेले. सुपरवायझर म्हणाला, "स्टुडंट है तो आधी बोलायचं ना." त्याचं बरोबर होतं. उरणकडच्या बाईने एक कप माझ्यापुढे धरला. "सगल्याना दिलास, तू न्हाय प्यालीस." तो चहा मी तिथेच टाक्यांशेजारी उभी राहून प्याले. कप तिने माझ्या हातातून घेतला, विसळला, पालथा घातला. तिचा ढीग अजून संपला नव्हता.

मग मी बाहेरून फेरी मारून पुढे आले. लाल जाजम अजून होतं, गुलाब देणाऱ्या मुली गेल्या होत्या. काचेच्या दारासमोर उभी राहिले. ते उघडलं. मी कोण हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी आत गेले आणि मॅडमनी सांगितलेलं सगळं एकटीने बघितलं. लायब्ररी बघितली. लॅब बंद होती, काचेतून बघितली. होस्टेल बघितलं. तिथल्या बाईंनी एक रिकामी खोली उघडून दाखवली. तीन खाटा, तीन कपाटं, खिडकीबाहेर हायवे. मी एका खाटेवर बसून बघितलं. इथे रात्री उशाला कुणाचा आवाज असेल, असं मनात आलं. ज्याच्यासाठी एवढी भांडले तेच मला नकोसं वाटलं क्षणभर. बाथरूमही बघितलं. नळाला पाणी होतं.

बाहेर काकूंची गाडी उभी होती. काच खाली झाली. "ये गं, बस. जागा आहे," काकू म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "आईला यातलं काही बोलू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल. आणि चारचौघांत असं सानिकाचं नाव घ्यायचं नसतं, हं?"

"मी एसटीने जाते, काकू."

काच वर गेली. मी स्टँडवर बराच वेळ गाडीची वाट बघत बसले.

घरी पोचले तेव्हा आई भाकऱ्या करत होती. तव्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "सोय हाय का?"

"हाय."

मग मी सगळं सांगितलं. काकूंनी सांगू नको म्हटलं तेही सांगितलं. आई ऐकत होती. भाकरी करपली तरी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पन मागून कशाला गेलीस?"

"तू कुठून जातेस?" मी म्हटलं.

आईने तवा उतरवला. म्हणाली, "मी चाकरीला जाते. तू चाकरीला गेली व्हतीस?"

मी जेवले नाही. रात्रभर तो प्रश्न छातीवर बसून होता. सरांनी माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं. आईच्या प्रश्नाला मी द्यायचं होतं.

सकाळी आई बेड्यातून कामाला गेली. मी तिच्यामागून निघाले, पण रस्त्याने. काकूंच्या घरासमोर उभी राहिले. ओटीवर पाहुणे पोहे खात होते, झोपाळ्यावर एक मुलगी बसली होती. मी पायऱ्या चढून ओटीवर आले. चप्पल पायरीशी काढली, पाहुण्यांच्या चपलांशेजारी.

काकू बाहेर आल्या. "अगं, मागून ये. बोलू आपण."

"इथंच बोलते. दिवाळीपासून मी कामाला येणार नाही. आईने दिलेला शब्द मी परत घेते. मी कॉलेजला जाणार आहे."

पाहुण्यांचे चमचे थांबले. काकू त्यांच्याकडे बघून हसल्या आणि मग माझ्याकडे वळल्या. "बरं. चांगलंच आहे. पण एवढं सांगायला पुढून यायची काय गरज होती?"

"सांगायला नाही आले," मी म्हटलं. "पुढून यायलाच आले."

आमच्याकडच्या घरांत पुढचं दार आणि मागचं दार एका रेषेत असतं. ओटीवरून माजघर दिसतं, माजघरापलीकडे स्वयंपाकघर, त्यापलीकडे मागची पायरी. त्या पायरीवर आई उभी होती, हातात ओली चादर. अख्ख्या घराच्या लांबीएवढं अंतर आमच्यामध्ये होतं. तिने मला बघितलं. मला वाटलं ती एक पाऊल पुढे टाकेल. तिने चादर पिळली आणि पाठ फिरवली.

संध्याकाळी म्हणाली, "मी बोल्ले ती माज्या घरात बोल्ले. तू त्यांच्या दारात कशाला बोल्लीस?" त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. काकूंनी तिला काढलं नाही. विश्वासू माणूस कोण काढतं? ती अजून बेड्यातूनच जाते.

मला गुण मिळाले, जागा मिळाली. आता मी तीन खाटांच्या त्या खोलीत राहते. बाकीच्या दोघी शनिवारी घरी जातात, मी राहते. सानिका याच कॉलेजात आहे, भाड्याच्या फ्लॅटवर राहते. जिन्यात समोर आली की फोन काढते. मेसमधल्या बाई ताट उचलायला येतात तेव्हा मला बसून राहता येत नाही. माझं ताट मी धुते. पोरी म्हणतात, तू विचित्र आहेस. असेन.

मागच्या महिन्यात आई पहिल्यांदा मला भेटायला आली. मी कॉलेजच्या वरच्या मजल्यावरून बघत होते. फाटकातून आत आली, हातात कापडी पिशवी. वॉचमनने तिलाही जा जा केलं. ती गुलमोहराखाली थांबली. काचेच्या दाराकडे बघत राहिली. आणि तिचे पाय वळले, कडेच्या वाटेकडे. मी जिने उतरत धावत सुटले. वाटेच्या तोंडाशी तिचा हात धरला.

"पुढून चल, आये."

"कशाला उगाच? मागनं येते ना."

"तू इथं चाकरीला आलीस?"

तिचाच प्रश्न होता, तिला ओळखू आला. मी तिला दारापर्यंत नेलं. दार उघडलं. तिने आतली चकचकीत फरशी बघितली, आपले पाय बघितले, आणि हात सोडवून घेतला. ताकदीने सोडवला. फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. तिथेच मला सुकटीचा डबा दिला, तिथेच माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि परतीच्या रिक्षात बसली. आत आली नाही.

तेव्हा कळलं की काकूंच्या ओटीवर चढणं सोपं होतं. माझ्या आईच्या पायातून ती मागची वाट काढणं अवघड आहे. तिला ओढून आत नेणार नाही. ओढलं तर तिला ती जागा आणखी परकी होईल. ती आपणहून पुढून येईल तोपर्यंत मी रोज पुढून जाणार. कॉलेजात, बँकेत, कचेरीत, काकूंच्या घरी. गावी गेले की पहिल्यांदा काकूंच्या ओटीवर जाते. काम काही नसतं. चप्पल काढते, उभी राहते, "बऱ्या आहात ना काकू?" विचारते आणि निघते.

काकू गावात सांगतात, शिकली आणि शेफारली. शेफारले. त्यांनी मला अजून बस म्हटलेलं नाही. न म्हणू देत. मी उभी राहीन. उभं राहायची सवय आमच्या घराला आहेच.